आमच्यावाली

९ जाने.
सकाळी लघवी पुन्हा लाल. परवा बिटाची कोशिंबीर खाल्ली होती म्हणून स्वतःची समजूत घातली. आज बीट नाही, काही नाही. भांड्यात बघून शिसारी आली, आपल्याच अंगातून निघालेल्या गोष्टीची. शेवटी रेहानाला फोन. एका शाळेत नोकरी काढली दोघींनी, ती विज्ञान शिकवायची, मी ऑफिसात दाखले लिहायचे. म्हणाली, "बीट-वीट छोड़ सुमन, चप्पल पहन." शनवारा चौकाजवळच्या सोनोग्राफीवाल्याकडे घेऊन गेली.

चादरीला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास. त्या माणसाने यंत्र डावीकडे फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. "मॅडम, लेफ्ट किडनी दिख नहीं रही." म्हटलं, दिसणार कशी? भावाला दिली, चौदा वर्षं झाली. मग उजवीकडे गेला आणि तिथेच घासत बसला. शेवटी विचारलं, "आपके साथ कोई है?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय. रेहाना पडदा सारून आत आली, "मैं हूँ, बोलो."

गाठ आहे. लिंबाएवढी. उरलेल्या एकुलत्या एक किडनीत.

११ जाने., रविवार
दादाकडे गेले. दादा दुकानात, हे बघूनच गेले. घरी शोभावहिनी आणि निल्या. निल्या म्हणजे माझा भाचा, आता पंचविशी गाठलेला, पण मला अजून निल्याच. सांगितलं. दोन वाक्यांत संपवलं.

वहिनीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मला वाटलं, रडेल. मनातल्या मनात 'रडू नका' म्हणायची तयारीही केली होती मी. ती म्हणाली, "ताई, मग आमच्यावालीत बी असंल का हो ते?"

आमच्यावाली. म्हणजे माझी डावी, जी दादाच्या पोटात आहे.

निल्याने "मम्मी, क्या बोल रही यार" म्हणून तिला गप्प केलं. पण तोही माझ्याकडे उत्तरासाठीच बघत होता. चहा न घेता उठले.

चौदा वर्षांपूर्वी त्याच खोलीत सगळे बसले होते. वहिनीचा रक्तगट जुळत होता. पण तिला दोन लहान मुलं. वहिनीच्या भावाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, सुमनताईंच्या मागे कोण आहे? बरोबरच होतं. कोणी नव्हतं. मी 'हो' म्हटलं ते त्याच्या या वाक्यामुळे नाही, दादाचा सुजलेला चेहरा बघवत नव्हता म्हणून. पण वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

१४ जाने.
संक्रांत. दादाचा फोन संध्याकाळी, नेहमीचा. रोज एकच प्रश्न असतो त्याचा, चौदा वर्षं. "सुमे, पाणी पिली का?" त्याला डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं, एका किडनीवाल्याने पाणी भरपूर प्यावं. हे त्याने स्वतःला लावलं आणि मलाही. मी दरवेळी वैतागते. आजही वैतागले. नाहीतर त्याला संशय आला असता.

कारण वहिनी दुपारी तिळगूळ घेऊन येऊन सांगून गेली: "ह्यांना सांगू नका हं ताई. बीपी वाढून जाईल. मी पथरी सांगितली आहे." म्हणजे मुतखडा. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी गोड बोलले. गेल्यावर डबा उघडला तर वड्यांना रॉकेलचा वास. कशाशेजारी ठेवला होता कोण जाणे.

१७ जाने.
इंदूर. निल्याने गाडीने नेलं. डॉ. तरुण मुलगी, मराठीच, महूची. स्वच्छ बोलते, डोळ्यात बघते. या सगळ्यात पहिलं माणूस, ज्याच्याकडे बघून किळस आली नाही.

म्हणाली, गाठ आहे हे सीटीत दिसतंय, पण ती आळशी आहे की खादाड ते दिसत नाही. सुई घालून तुकडा काढायला जागा अवघड, मोठ्या रक्तवाहिनीला लागून. आणि किडनी एकच, म्हणून आधी एक वेगळी तपासणी. शिरेतून औषध देतात. हृदयाच्या तपासणीतलंच औषध. काही गाठी नुसत्या बसून असतात, वर्षानुवर्षं. त्यांच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे बारीक कण ठासून भरलेले असतात, औषध त्या कणांत जाऊन साठतं, गाठ फोटोत उजळते. जी पसरणारी जात असते तिच्यात हे कण कमी. ती काळी राहते.

"म्हणजे चमकली तर चांगलं?"
"या तपासणीत, हो. साखरेचं औषध देऊन करतात ती तपासणी वेगळी. तिच्यात उलटं असतं, चमकणं वाईट."

उजळली तर गाठीला हात लावायचा नाही, लक्ष ठेवायचं. काळी राहिली तर कापायची. गाठ तेवढीच काढायचा प्रयत्न. जमलं नाही तर किडनीच जाणार. मग आठवड्यातून तीनदा मशीन, जन्मभर.

सगळं नीट समजलं. निल्या तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये फोनवर होता. आत आला तेव्हा तिचं बोलून झालं होतं. "क्या बोली डॉक्टर?" म्हटलं, एक तपासणी आहे, त्यात कळेल. पुन्हा सगळं उगाळायचा कंटाळा आला मला.

१९ जाने.
वहिनी पाण्याच्या बाटलीत काढा घेऊन आली. चांदनी गावाकडचा कोणी वैद्य. भिजलेल्या बारदानाचा वास. "पथरीवाल्याला बी चालतो, गाठवाल्याला बी चालतो." मग सगळ्यांनाच चालत असणार. ती बसली होती तोवर ग्लासात ओतून ठेवला, गेल्यावर मोरीत. मोरीलाही दिवसभर वास.

शेजारपाजारच्या बायकाही येऊ लागल्यात. बातमी फुटलीच. येतात, आधी पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे. एकीने विचारलं, त्याच बाजूला झोपता का? एकीने स्वतःच्या चुलतसासूचं सगळं शेवटपर्यंत सांगितलं, वासासकट, आणि वर चिवडा मागून खाल्ला. रेहाना आली तिने दाराला आतून कडी घातली.

२१ जाने.
आज कळलं. माझ्या तपासणीची तारीख लागायच्या आत वहिनीने दादाची सोनोग्राफी उरकून घेतली. दादाला सांगितलं, वर्षाची नेहमीची आहे. निल्याच्या तोंडून निसटलं, "पप्पा का तो क्लीन आया, आत्या, टेन्शन मत लो."

माझं टेन्शन!

मला वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवते. बरंच वाटलं. दादा ठीक आहे. पण ते ज्या तऱ्हेने कळलं, आधी स्वतःची वस्तू तपासून घ्यायची आणि मग… शी.

२३ जाने.
तपासणी. इंजेक्शन देऊन एका खोलीत बसवलं, तिथे औषध टोचलेले सगळे एकत्र. एकाच संडासावर 'केवळ यांच्यासाठी' असा कागद. आत जाऊन लगेच बाहेर आले. माणसं मरायला टेकली तरी नेम धरत नाहीत. एक म्हातारा माझ्याकडे बघून सारखा मान हलवत होता, ओळख असल्यासारखा. मीही हलवली.

मग टेबलावर, हात डोक्यावर. हलायचं नाही. वर एसीच्या जाळीला काळा बुरा लोंबत होता, तो तोंडात पडेल हीच भीती पूर्ण वेळ. गाठीचा विचारही आला नाही.

संपलं. निल्या यंत्रावरच्या मुलाशी गप्पा मारत होता. त्याने पडद्याचा मोबाइलवर फोटो काढलेला. गाडीत बसता बसता मला दाखवला. "आत्या! देखो! काही चमकलंच नाही! गाठ एकदम काळी. साफ!"

वहिनीच्या भावाची साखरेची तपासणी झाली होती रावेरला असताना. हा तोच भाऊ, 'मागे कोण आहे'वाला. त्याच्यात चमकलं होतं आणि दोन महिन्यांत आटोपला. तेव्हापासून त्या घरात चमकलं म्हणजे संपलं, एवढंच सर्वांना पाठ.

फोटो बघितला. किडनी पिवळीधमक उजळलेली आणि तिच्या कडेला गाठ. चपातीवरच्या जळक्या डागासारखी काळी.

सांगायला हवं होतं. पण तो इतका खूश होता, आणि मला त्याच्या खुशीची इतकी चीड आली की म्हटलं, राहा खूश. परतताना खंडवा यायच्या आधीच त्याने घरच्या ग्रुपवर, दादा ज्यात नाही त्या, फोटो टाकून दिला. फोन वाजत राहिला. डोळे मिटून घेतले.

माझ्या घरी पोचलो तर दारात वहिनी, मागे अर्धी गल्ली, आणि मावा जिलेबीचा मोठा खोका. "मी सांगत होती ना! काळ्या मारुतीला बोलली होती मी!" जिलेबी माझ्या तोंडात कोंबली. बोटांना तूप, तुपाला तिच्या बांगड्यांचा वास. "आता आमच्यावालीची बी चिंता मिटली."

खाल्ली मी. पूर्ण. सगळे खात होते, चिकट हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. सगळे गेल्यावर साडी धुवायला टाकली तर तिच्या पाठीवर डाग.

२४ जाने.
रेहानाला फोटो दाखवला. तिला जिलेबी दिली तर तिने बशी बाजूला सरकवली. डॉ. चं म्हणणं तिला मी १७ तारखेलाच सांगितलं होतं. "तूने बताया क्यों नहीं उन लोगों को?"
"खाऊ दे की."
"सुमन, ये ग़ुस्सा है, और कुछ नहीं."
असेल. राग आहे, किळस आहे, भीतीही आहे. काल जिलेबी चघळताना क्षणभर मलाही वाटून गेलं, हेच लोक बरोबर असतील तर? महूच्या मुलीचंच चुकलं असेल तर? इतकी मी त्यांच्यातली आहे.

२७ जाने.
इंदूर. निल्या या वेळी आत बसला. डॉ. म्हणाली, काळी आहे. म्हणजे आळशी जात असायची शक्यता कमी. एवढ्यावरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण थांबू नका. ऑपरेशन.

निल्या म्हणाला, "पण मॅडम, चमकलं नाही ना?"
तिने समजावलं. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा समजावलं, कागदावर चित्र काढून. मग तो माझ्याकडे वळला. मला माहीत होतं, हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मोबाइल हातात. "आत्या, आता ग्रुपवर काय टाकू?"
अरे, माझी किडनी जाणार आहे आणि तुला ग्रुपची पडली आहे! बोलले तसं. तर रडायला लागला, तोंडावर हात घेऊन, लहानपणी पतंग फाटला की रडायचा तसा. शेंबूड शर्टाच्या बाहीला पुसला. किळस आली, तरी माझा रुमाल दिला त्याला.

३० जाने.
दादा आला. एकटा, स्कूटरवर, तोंडाला मास्क. गर्दीत जायचं नाही त्याला, दिलेली किडनी अंगाने नाकारू नये म्हणून गोळ्या खातो, त्याने साध्या सर्दीचंही निमित्त होतं. म्हणाला, "चल, राजघाटावर जाऊन येऊ." लहानपणी रुसले की तो मला तिथेच न्यायचा.

तापी खाली गेलेली. पायऱ्यांवर निर्माल्य कुजलेलं, प्लास्टिक, कुणाचे तरी केस. नाकाला पदर लावून बसले.

"सुमे, पथरीची जिलेबी वाटतात का कुठं?"

मी नाकावरचा पदर आणखी घट्ट धरला. तो म्हणाला, "निल्याले विचारलं कशाची, तं त त प प करू राहिला. आन् शोभा चार दिवसांपासून माझ्या डोळ्यात पाहत नाही. सांग."

सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं. 'आमच्यावाली' तेवढं गाळलं. त्याचा हात सदऱ्यावरून उजव्या बाजूला, खाली, माझी डावी जिथे बसवली आहे तिथे गेला. सवय आहे त्याची. विचार करताना तिथे हात ठेवतो. चौदा वर्षं बघते आहे मी.

मग म्हणाला, "मग ही तुझी तू वापस घे ना."
"काय?"
"डॉक्टरले विचारू आपण. माझं झालं आता जगून."
"सदरा आहे का तो दादा, काढला आणि दिला?"

हसले मी. तो हसला नाही. इतका गंभीर होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. घाण वास, ऊन, आणि हा माणूस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले, नाकावरचा पदर न काढता.

२ फेब्रु.
त्याने खरंच विचारलं. डॉ. ला स्वतः फोन लावला, ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर. ती म्हणाली, "काका, असं नाही करत आम्ही. आणि तुमचं काय होईल?" वहिनीने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं.

दुपारी तशीच आली माझ्याकडे. गाऊनवर ओढणी, केस सुटलेले. दारातूनच, "तुम्हीच भरवलं ना त्यांच्या डोक्यात? दिलेलं कोणी वापस मागतं का ताई?"

मी मागितलं नाही, म्हटलं.

"मग ते कशाले बोलले? ते मरून जातील ताई. तुम्हाला समजत नाही का? मरून जातील ते." आणि मटकन उंबऱ्यावर बसली.

चिडले मी. किळस आली, येणारच. पण तिच्याकडे बघताना आठवत गेलं. चौदा वर्षं ती त्याचं पाणी उकळून गाळते. त्याची भांडी वेगळी, टॉवेल वेगळे, गोळीची वेळ चुकली नाही कधी. स्वतःच्या आईच्या तेराव्याला गेली आणि गोळीच्या वेळेला परत आली. माझ्या डावीला तिने माझ्यापेक्षा जास्त जपलंय. हे लिहितानाही तोंड कडू होतं, पण खोटं नाही.

पाणी दिलं तिला. प्यायली आणि गेली. 'ताई, तुमचं कसं आहे' हे आजही विचारलं नाही.

७ फेब्रु.
उद्या ॲडमिट, परवा ऑपरेशन. बॅग रेहानाने भरली. ती येणार माझ्याबरोबर, शिवाय निल्या. दादाला सक्त बंदी. डॉ. ची, वहिनीची आणि माझी. आम्हा तिघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

निल्या सकाळी येऊन गेला. ग्रुपवर काय टाकलं सांगितलं: 'जिलेबी की जल्दी हो गई. आत्या के लिए दुआ करो.' बाकी काही नाही. मला बरं वाटलं ते. एवढं साधं लिहील असं वाटलं नव्हतं.

डॉ. ला शेवटचं विचारलं, किडनी वाचेल का. म्हणाली, आत गेल्यावरच कळेल. गाठ रक्तवाहिनीला किती चिकटली आहे त्यावर. उगाच गोड बोलली नाही. आवडते मला ती.

९ फेब्रु., सकाळ
थोड्या वेळात नेतील. हिरवा गाऊन, मागून उघडा, कितीजणांनी घातलेला देवजाणे. धुतलाय म्हणतात. रात्रीपासून पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. ओठ चिकटतात.

दार ढकलून दादा आला.

मास्क, कानटोपी, हातात पिशवी. घरून न सांगता पहाटेच्या बसने. रेहाना ओरडली त्याच्यावर, निल्या ओरडला. फोन वाजत होता त्याचा, वहिनीचाच असणार, उचलेना. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणी तरी ओकत होतं. म्हटलं, "दादा, घरी जा. इथली हवा घाण आहे. काही लागलं अंगाला म्हणजे?"

तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. माझ्याकडे बघून, रोजच्या फोनवरच्यासारखं, "सुमे, पाणी पिली का?"

"आज पाणी बंद आहे मला."

"मंग मी बी नाही पेत."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

त्याचे ओठही सुकलेले. बसमध्ये लघवीची पंचाईत नको म्हणून पहाटेपासून थेंब प्यायला नव्हता, विचारल्यावर कबूल केलं. अंगाचा तिळपापड झाला माझा. चौदा वर्षं मला रोज विचारतोस, आणि स्वतः! पिशवीतून त्याची उकळलेल्या पाण्याची बाटली काढली, वहिनीने भरून ठेवलेली असणार, झाकण फिरवून त्याच्या हातात दिली.

"पी."

"सुमे…"

"माझी आहे ती. पी."

मास्क खाली करून प्यायला लागला. नर्स गाडी घेऊन आली, म्हणाली चला. म्हटलं, थांबा जरा. त्याची बाटली संपायची आहे.